घोडा, बंदूक आणि गाव

चित्रपटकलेला शंभर वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने, १९९५ साली, व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क-माध्यम परिषदेने ४५ निवडक चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन विभाग. ज्याला आपण 'वेस्टर्न' किंवा काउबॉयचा चित्रपट म्हणतो, त्या जातीचा एकच चित्रपट त्या यादीत आहे : जॉन फोर्ड यांचा 'स्टेजकोच' (१९३९). तोही कलेच्या विभागात, मूल्यांच्या नव्हे. ही विभागणी मला अर्थपूर्ण वाटते.

'स्टेजकोच'मध्ये एका घोडागाडीतून नऊ माणसे प्रवास करतात. गावातील सभ्य स्त्रियांनी हाकलून दिलेली डॅलस ही वेश्या, मद्यपी डॉक्टर, तुरुंगातून पळालेला रिंगो. आणि या सर्वांहून प्रतिष्ठित दिसणारा, पेढीची रक्कम घेऊन पसार होणारा सावकार. वाटेत एका सहप्रवासिनीला मूल होते, तेव्हा कामास येतात ते डॅलस आणि तो डॉक्टरच. शिमोन परुश्याच्या घरची पंगत आठवावी असा हा प्रसंग आहे. परंतु त्याच चित्रपटात अपाची आदिवासी येतात ते केवळ गोळ्या खाऊन घोड्यावरून कोसळण्यासाठी. त्यांना नाव नाही, घर नाही, त्यांच्यासाठी रडणारे कोणी नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरील आपल्या बांधवांनी तो पाठलाग पाहिला, तर ते कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवतील?

आपल्या धर्मग्रामांतील तरुण मंडळी या चित्रपटांवर हिरिरीने वाद घालतात. कोणाचा नेम अचूक, कोणाचे पिस्तूल आधी निघाले, हीच त्यांची कसोटी असते. माझी कसोटी निराळी आहे. सुटलेल्या गोळीची किंमत चित्रपट मोजतो की नाही, आणि ज्या गावासाठी ती सुटली त्या गावाचे पुढे काय झाले, एवढेच मी पाहतो.

या कसोटीवर फ्रेड झिनेमन यांचा 'हाय नून' (१९५२) मला सर्वश्रेष्ठ वाटतो. मार्शल विल केन याचे नुकतेच लग्न झाले आहे. त्याने पकडून दिलेला गुंड दुपारच्या गाडीने सूड घेण्यास येत आहे. दिवस रविवारचा. केन मदत मागण्यासाठी चालू उपासनेत चर्चमध्ये शिरतो. मुलांना बाहेर पाठवून चर्चा सुरू होते. एक प्रतिष्ठित गृहस्थ केनची तोंड भरून स्तुती करतात आणि अखेरीस, त्याने गाव सोडावे हेच बरे, असा निष्कर्ष काढतात! तेथील धर्मोपदेशक म्हणतो, हत्या करू नको अशी आज्ञा आहे, पण आपण पगार देऊन ते काम दुसऱ्यांकडून करवून घेतो. लोकांना मरण्या-मारण्यास कसे सांगू, ते मला कळत नाही. या धर्मोपदेशकाला भित्रा ठरवून पुष्कळजण मोकळे होतात. रविवारमागून रविवार वेदीजवळ उभे राहणाऱ्या माणसाला ते इतके सोपे नाही. केन एकटाच बाहेर पडतो. शेवटी छातीवरचा बिल्ला धुळीत टाकून तो निघून जातो. गाव वाचले, पण ते वाचवण्याजोगे होते का, हा प्रश्न मागे राहतो. (या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारे गॅरी कूपर १९५९ साली कॅथलिक झाले, हे जाता जाता सांगतो.)

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सेर्जिओ कोर्बुची यांचा इटालियन 'जँगो' (१९६६). नायक शवपेटी ओढत येतो आणि पेटीत निघते मशीनगन. माणसे किती मेली हे मोजण्याचीही गरज चित्रपटाला वाटत नाही. शेवटी तर हात चिरडलेला नायक कबरीवरील क्रूसाचाच आधार घेऊन पिस्तूल चालवतो. ज्या क्रूसावर क्षमा उच्चारली गेली, तो येथे बंदुकीची बैठक झाला. दिग्दर्शकाचे कसब मी नाकारत नाही. पण इतके रिकामे कसब दुसरे नाही.

'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) हा कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'वरून घेतलेला चित्रपट पुष्कळ अंशी करमणुकीचा आहे. परंतु त्यात एक जागा अस्सल आहे. गावातली मुले आपल्या शेतकरी बापांना भित्रे म्हणतात, तेव्हा चार्ल्स ब्रॉन्सनचा बंदूकधारी त्यांना झोडपतो आणि सांगतो की संसाराचा भार वाहणारे बापच खरे शूर आहेत.

तोच वारसा घेऊन आपला 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ रोजी आला. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या रामनगरचे खडक हे त्याचे रामगढ. ठाकूरच्या कुटुंबाची हत्या सेर्जिओ लिओनींच्या १९६८ सालच्या चित्रपटाची आठवण करून देते. तो मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षे चालला, तो गब्बरच्या संवादांवर, असे म्हणतात. मला मात्र त्याचे मोठेपण इमामसाहेबांच्या प्रसंगात दिसते. आंधळ्या पित्याचा एकुलता मुलगा अहमद (आपले सचिन पिळगावकर) याचे प्रेत घोड्यावरून गावात येते. जय-वीरूला गब्बरच्या हवाली करा, असे गावकरी म्हणू लागतात. तेव्हा ज्याने सर्वस्व गमावले तोच म्हातारा त्यांना थांबवतो आणि अजान ऐकून मशिदीकडे वळतो. 'हाय नून'च्या चर्चमध्ये जे कोणाला जमले नाही, ते येथे एका नमाजी वृद्धाला जमले.

'शोले'चे शेवट दोन आहेत. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला खिळे लावलेल्या बुटांनी मारतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत, माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेऊ नये म्हणून, सेन्सॉर मंडळाने तो बदलायला लावला; पोलीस वेळेवर पोहोचतात असा नवा शेवट चित्रित झाला. मूळ शेवट असलेली पुनरुज्जीवित प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे दाखवली गेली. धर्मगुरूने बदललेल्या शेवटाची बाजू घ्यावी, अशी अपेक्षा असेल. मी ती घेणार नाही. बदललेल्या शेवटात सूडाची सारी गोडी प्रेक्षकाला मिळते आणि पापाचा डाग मात्र कोणालाच लागत नाही. मूळ शेवटात गब्बर मेल्यावर ठाकूर कोसळून रडतो. सूड पुरा झाला, पण हात परत आले नाहीत, नातू परत आला नाही. घरच्यांनी पाहायचाच असेल तर तो शेवट पाहावा. लहानग्यांना मात्र आधी झोपवावे.