खानदानी बुरशी

आपल्या घरात बुरशीच्या जागा दोनच. एक पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत, दुसरी कपाटातल्या चामडी चपलेवर. दोन्हीकडे तिचे स्वागत सारखेच होते. पण फ्रान्समध्ये बोर्दोजवळ सोतेर्न म्हणून एक मुलूख आहे, तिथे द्राक्षांना बुरशी लागली की बागाईतदार हात जोडून देवाचे आभार मानतो आणि तिला ‘नोबल रॉट’ म्हणतो. म्हणजे सडलेलीच, पण खानदानी!

माझा भाचा मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो परदेशातून या सोतेर्नची अर्धी बाटली घेऊन आला आणि शेजारी नाशिककडची एक ‘लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां’ ठेवून म्हणाला, ‘‘मामा, तुम्ही नाटकावर लिहिता, गाण्यावर लिहिता. आता यावर लिहा. लोक म्हणून राहिले की ही आपली सोतेर्न आहे.’’ तेव्हा हे परीक्षण.

आधी पात्रपरिचय. सोतेर्नच्या बाजूने सिरों नावाची थंड पाण्याची लहान नदी वाहते आणि ती कोमट पाण्याच्या गारोनला मिळते. शरदात त्यामुळे सकाळी धुके पडते, दुपारी ऊन. धुक्याने बुरशी धरते, उन्हाने ती आवरते. बुरशी द्राक्षाच्या सालीला बारीक भोके पाडते, आतले पाणी उडून जाते, साखर आणि आंबटपणा दाट होतो. मग मजूर एकाच बागेत पुन्हा पुन्हा जाऊन तेवढेच सुरकुतलेले मणी वेचतात. शातो दिकेम हे त्यातले सर्वांत मोठे घराणे. तिथे एका वेलीमागे एक ग्लास वाईन निघते म्हणतात. १८५५ साली बोर्दोच्या वाईनची प्रतवारी झाली, तेव्हा या घराण्याला सगळ्यांच्या वरचे, एकट्याचे पाट मिळाले. पण २०१२ साली माल मनासारखा उतरला नाही, तर त्यांनी त्या वर्षीची वाईन विकलीच नाही. (आपल्याकडे हा नियम दिवाळी अंकांना लावला तर किती सुटसुटीत होईल!)

जर्मनीची कथा आणखी गमतीची. योहानिसबर्गच्या मठाला द्राक्षे तोडायची तर फुल्डाच्या धर्मगुरूची परवानगी लागायची. १७७५ साली परवानगी आणणारा घोडेस्वार फार उशिरा पोचला, तोवर द्राक्षे सडली. तरी दाबली, आणि वाईन अमृतासारखी निघाली, असे सांगतात. सरकारी हुकूम उशिरा आल्यामुळे एखाद्या गोष्टीची गोडी वाढल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. मिहानमध्ये संत्र्याच्या रसाच्या कारखान्याची कोनशिला २०१६ साली बसली आणि उद्घाटन २०२५ च्या मार्चमध्ये झाले. हासुद्धा लेट हार्वेस्टच, पण मधल्या काळात संत्री काही अधिक गोड झाली नाहीत.

आता चव. अशा वाईनबद्दल जाणकार लिहितात : जर्दाळू, मध, केशर, संत्र्याच्या सालीचा मुरांबा. यादी वाचून मला वाटले, हे मुंजीचे सामान आहे! पण सोतेर्न जिभेवर ठेवली आणि मुरांब्याचा मुद्दा पटला. पाक दोनतारी, पण वर लिंबू पिळलेला. गोड म्हणता म्हणता आंबट लागते, शेवटी सालीचा किंचित कडसर झटका. नागपूरकराला हे शिकवावे लागत नाही. तो संत्रे हातात घेऊन आधी विचारतो, ‘‘आंबिया का मृग?’’ मृगाचे गोड. पण नुसतेच गोड असेल तर तो दुसरे संत्रे सोलत नाही.

नाशिकची बाटली इथे मागे पडते. वास सुरेख, पिकल्या पेरूचा आणि मधाचा. पहिला घोट लाघवी. मग तो पाहुण्यासारखा बसूनच राहतो. पाक आहे, लिंबू नाही. पण यात तिचा दोष निम्माच. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरच्या आसपास आणि तोड जानेवारी ते मार्च. तोड लांबवावी तसे ऊन वाढते आणि आंबटपणा उतरतो. मणी वेलीवर सुकतो, बुरशीने पिकत नाही. ही बेदाण्याच्या जातीची गोडी आहे, आणि ती प्रामाणिक आहे. ‘लेट हार्वेस्ट’ हे लेबलही प्रामाणिक आहे. तिला ‘आपली सोतेर्न’ म्हणणारे तेवढे नाहीत.

आणि हे म्हणणाऱ्यांनी एकदा निफाड-दिंडोरीकडे अवकाळी पावसानंतर चक्कर मारावी. तिथे बुरशीला भुरी म्हणतात, केवडा म्हणतात. एवढे सुवासिक नाव, पण ते ऐकले की शेतकरी रात्री उठून फवारणीचा पंप जोडतो. बँकेचे कर्ज डोक्यावर आणि घडांवर केवडा, अशा माणसाला ‘कुजण्यातही एक उमदेपणा असतो’ हे ऐकवायची हिंमत माझ्यात नाही. सोतेर्नचा शेतकरीही जुगारच खेळतो. पण त्याचा एक ग्लास कोणत्या भावाने जातो ते पाहा.

राहिले वाढणे. आठ-दहा अंशांवर थंड करावी, घोटभरच द्यावी. तीर्थासारखी म्हटले तर भाचेसून रागावली, पण प्रमाण तेच. नागपूरच्या मे महिन्यात ग्लास हातात येईपर्यंत तिचे सरबत होते, म्हणून हे काम डिसेंबरात करावे. फ्रेंच लोक सोबत खारट निळे चीज घेतात. तीही बुरशीच, म्हणजे घरातल्या घरात सोयरीक. आपण जेवणानंतर श्रीखंड किंवा गुलाबजाम घेऊन बसतो, तिथे ही वाईन मरते. पदार्थ तिच्याहून गोड असला की ती पाणचट आंबट लागते. तिला तिखट-खारट हवे. भाचेसुनेने सांबारवडी तळली होती (पुणेकरांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर), आणि त्या मसाल्यावर नाशिकची बाटली अशी खुलली की मला माझे वरचे दोन परिच्छेद मवाळ करावेसे वाटले. केले नाहीत. दुसऱ्या घाण्याबरोबर ती संपली. सोतेर्न अजून भाच्याच्या फ्रिजमध्ये, ताकाच्या पातेल्यामागे उभी आहे.