बखरींतील अलंकार आणि इतिहासाचा पुरावा

जुन्या बखरींविषयीं बोलतांना आपल्या मंडळींत एक शब्द फार सैलपणें वापरला जातो. तो शब्द 'अतिशयोक्ति'. वाचतां वाचतां एखादें वाक्य जरा उंच स्वरांत गेलें कीं समासांत पेन्सिलीनें तेवढा शेरा मारावयाचा आणि पुढें सरकावयाचें, ही रीति आतां इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिजविरुद्ध बोलणाऱ्यास बखरींचा वकील समजतात. मला ती वकिली करावयाची नाहीं. राजवाड्यांनीं 1898 सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली ती योग्यच होती. अस्सल पत्रापुढें बखर टिकत नाहीं, हा निकाल फिरवावा असें मी म्हणत नाहीं. माझें म्हणणें त्याच्या आधींच्या पायरीविषयीं आहे. वाक्य खरें कीं खोटें हें ठरविण्यापूर्वीं तें वाक्य काय सांगतें हें ठरवावें लागतें; आणि अलंकार ओळखल्यावांचून तें ठरत नाहीं. ही पायरी गाळली म्हणजे कोठें अलंकारालाच हकीकत समजून आकडे मांडले जातात, तर कोठें अलंकारांत गुंडाळलेली हकीकत अलंकाराबरोबर केरांत जाते.

शाळेंत संस्कृत शिकवितांना माझा अनुभव असा कीं, अतिशयोक्ति म्हणजे फुगवून सांगणें, एवढेंच मुलांस ठाऊक असे. मोठ्यांसही बहुधा तेवढेंच ठाऊक असतें. शास्त्रांत या शब्दाचा अर्थ पुष्कळ बारीक आहे. मम्मटानें अतिशयोक्तीचा जो पहिला प्रकार सांगितला, त्यांत फुगविण्याचा संबंध नाहीं. उपमान उपमेयाला गिळून टाकतें आणि बोलण्यांत एकटें उपमानच उरतें. अप्पय्य दीक्षितांनीं कुवलयानंदांत यालाच रूपकातिशयोक्ति म्हटलें आहे. त्यांनीं सांगितलेल्या दुसऱ्या एका प्रकारांत, अक्रमातिशयोक्तींत, कारण आणि कार्य एकाच क्षणीं घडल्याचें वर्णन असतें. राजानें रिकिबींत पाय ठेवला न ठेवला तोंच गड हातीं आला, असें कोणी लिहिलें तर तें याच जातीचें. त्यावरून वेढा किती दिवस चालला याचा हिशेब करणारा आणि 'हें अशक्य' म्हणून गड घेतल्याची गोष्टच नाकारणारा, दोघेही सारखेच चुकतात.

रूपकातिशयोक्तीचें आपल्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कवीचें नाहीं, सावकाराचें आहे. 14 जानेवारी 1761 रोजीं पानिपतावर जें घडलें त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांस नर्मदेच्या आसपास एका सावकारी चिठीनें कळली. ग्रँट डफनें 1826 सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत ती दिली आणि तेव्हांपासून ती सर्वतोमुखी झाली. तींत माणसाचें नांव नाहीं. मोत्यें दोन, मोहरा सत्तावीस, आणि रुप्यातांब्याची मोजदाद नाहीं, एवढाच तिचा ऐवज. वरून पाहणारास ती पेढीवरच्या बुडीत खात्याची चिठी वाटावी. मुलुखांत शत्रु पसरलेला असतां जासुदाच्या कमरेला असाच कागद सुरक्षित. शोभेसाठीं नव्हे, तर गरजेपोटीं येथें उपमेय गिळलें गेलें आहे.

आतां ही चिठी नीट वाचावी. पहिल्या दोन पायऱ्यांवर संख्या नेमकी आहे. तिसऱ्या पायरीवर संख्या देण्याचें नाकारलें आहे. फुगवावयाचेंच असतें तर रुप्यातांब्याच्या जागीं लक्ष-कोटि घालण्यास कोण आडवें येत होतें? लिहिणारापाशीं मोठ्या असामींची यादी होती, सामान्य शिपायांची नव्हती, आणि जें ठाऊक नाहीं तें त्यानें लिहिलें नाहीं. सराफकट्ट्यावर वाढलेल्या माणसाची सचोटी अलंकाराच्या आंतही शाबूत राहिली आहे. डफच्या इंग्रजीवर भरंवसा ठेवावयाचा तर आणखीही एक सूक्ष्म भेद दिसतो. मोत्यें विरघळलीं आहेत, मोहरा हरवल्या आहेत. हरवलेली मोहर कोणास सांपडूं शकते. विरघळलेलें मोतीं पुन्हां सांपडत नाहीं. भाऊसाहेबांच्या मृत्यूविषयीं पुढें किती दिवस संशय नांदला, त्या संशयावर एक तोतया कसा पोसला गेला आणि 1776 सालीं त्याला देहांत शासन होईपर्यंत किती घरें त्या पायीं दुभंगलीं, हें वाचकांस ठाऊक आहे. चिठी लिहिणाराच्या मनांत मात्र तो संशय नव्हता असें त्या क्रियापदावरून वाटतें. भाषांतरांतील एका क्रियापदावर याहून अधिक भार घालणें बरें नव्हे. तरी 'ही केवळ अलंकारिक चिठी' म्हणून बाजूस सारणारास हा प्रश्नसुद्धां सुचणार नाहीं.

याच लढाईविषयीं लोकांच्या तोंडीं दुसरें एक वाक्य आहे: सव्वा लाख बांगडी फुटली. यावरून मृतांचा आकडा काढूं पाहणारे गृहस्थ मला भेटले आहेत. एकानें तर हातांतील बांगड्यांची संख्या धरून भागाकारही सुचविला होता! ही थट्टा सोडून देऊं. येथें पर्यायोक्त आहे: मृत्यु सांगावयाचा, पण तो न उच्चारतां त्याचें फळ सांगावयाचें. बांगडी फुटली म्हणजे नवरा मेला; परंतु रणांत पडलेल्या प्रत्येकाच्या घरीं बांगडी नसते, आणि पानिपतावर जीं माणसें गेलीं त्यांत लढणाऱ्यांखेरीज बुणगे व यात्रेकरूही पुष्कळ होते. 'सव्वा' हाही मोजणीचा शब्द नव्हे. देवाला नवस बोलतांना जो सव्वा येतो तोच हा.

मग या वाक्यांत इतिहासाला कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें ताम्रपट वाचणारांस चटकन दिसावें. राजांच्या प्रशस्तींत शत्रूचा वध थेट न सांगतां शत्रुस्त्रियांचीं आभरणें उतरलीं, त्यांचे केस मोकळे झाले, डोळ्यांतील काजळ गेलें, असें सांगण्याची परिपाठी फार जुनी आहे. तो विजयाचा अलंकार. पानिपताच्या या वाक्यांत तोच अलंकार उलटा फिरला आहे: बांगडी शत्रूच्या घरची नाहीं, आपल्या घरची आहे. पराभव जेत्यांच्या प्रशस्तींतील शब्दांनीं बोलावा लागला, हें त्या पिढीच्या मनाविषयीं जें सांगतें तें मृतांच्या याद्या सांगत नाहींत.

संख्येचा प्रश्न निघालाच आहे तर सभासदाच्या बत्तीस मणांविषयीं लिहिलें पाहिजे. 1674 सालच्या राज्याभिषेकाचें सिंहासन बत्तीस मण सोन्याचें होतें असें कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. मणाचें वजन प्रांतोप्रांतीं निराळें, म्हणून शेरांत त्याचा उलगडा करतांना मोठमोठे अडखळतात. मला त्यापूर्वीं बत्तीस या आंकड्याचीच ओळख पटते. विक्रमाच्या सिंहासनाला बत्तीस पुतळ्या. महापुरुषाचीं लक्षणें बत्तीस. सिंहासन म्हटलें कीं बत्तीस हा आंकडा त्या काळच्या ऐकणाराच्या कानांत आधींच वाजत असे. सभासदानें हें 1697 च्या सुमारास लिहिलें, तें राजारामासाठीं आणि जिंजीस बसून. रायगड 1689 सालींच मोंगलांच्या हातीं गेला होता. सिंहासन नाहीं, गड नाहीं, धनी परमुलुखांत. अशा वेळीं धन्याला त्याच्या बापाच्या आसनाची आठवण विक्रमाच्या आंकड्यानें करून देणें हें भाटाचें काम नव्हे, जुन्या सेवकाचें आहे. आंकडा खोटाच असें मी म्हणत नाहीं. खरें वजन आणि रूढ संख्या एकत्र येऊं नयेत असा नियम नाहीं. परंतु केवळ या वाक्याच्या जोरावर तराजू उचलतां येणार नाहीं.

तराजूवरून आठवलें. त्या समारंभास हजर असलेल्या हेन्री ऑक्झेंडन या इंग्रज वकिलानें सिंहासनाशेजारीं भाल्याच्या टोंकावर समतोल लटकणारा सोन्याचा तराजू पाहिल्याचें नमूद केलें आहे, आणि तो न्यायाचें चिन्ह असल्याचेंही लिहिलें आहे. हेंही रूपकच, पण तें लेखणीनें केलेलें नाहीं, राजानें उभें केलेलें आहे. लेखकाचा अलंकार आणि दरबाराचा अलंकार हा भेद वर्णनें वाचतांना ठेवला पाहिजे.

तसाच दरबाराचा अलंकार मुद्रेंत असतो. शिवछत्रपतींच्या मुद्रेंतील प्रतिपदेच्या चंद्रकलेच्या उपमेवर पुष्कळांनीं लिहिलें आहे, तें बहुतेक 'वाढत जाणारी' या एका साधारण धर्माविषयीं. रघुवंशाच्या आठव्या सर्गांत अजविलाप ज्यानें वाचला आहे त्याला आणखी एक गोष्ट आठवेल: तेथें प्रतिपच्चंद्राची उपमा मातेवेगळ्या झालेल्या बाळ दशरथाला दिली आहे. म्हणजे ही उपमा पुत्राची. मुद्रेंत शहाजीचा पुत्र म्हणून जो उल्लेख आहे त्याच्याशीं ती नीट बसते. मुद्रा रचणारा पंडित कालिदास वाचलेला होता, हें मला संभवनीय वाटतें.

शेवटीं आपल्या संग्राहक बंधूंस एक विनंति. कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांकडे पत्रांच्या नकला पाहिल्या. नक्कलकारानें कागद वांचविण्यासाठीं मायने गाळले होते. हा सगळा फुलोरा एकसारखाच, असें त्याचें म्हणणें. तो एकसारखा नसतो. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', मान्य पुरुषास 'अखंडितलक्ष्मी अलंकृत': हीं रूपकें आणि विशेषणें झिजून गुळगुळीत झालीं असलीं तरी कोणी कोणास वडील मानिलें आणि कोणी केव्हां मानणें सोडलें, हें त्यांवरूनच कळतें. मूळ रुमाल पुढें वाळवीनें खाल्ला. नकलांतील पत्रांत भांडण आहे, पैशाची मागणी आहे, एका लग्नाची बोलणी आहे. आणि कोण कोणास लिहीत आहे तें आतां कोणासही सांगतां येत नाहीं.