एका कान्याचे अंतर

‘मरणे’ आणि ‘मारणे’ यांत लेखनापुरते एका कान्याचेच अंतर आहे. पण पहिल्या क्रियापदाचे एका माणसावर भागते, दुसऱ्यास दोघे लागतात. पोलिसांनी जखडलेला मनुष्य दगावतो तेव्हा वैद्यकीय कागदपत्रांतील वाद बहुधा याच कान्याचा असतो. म्हणूनच ते कागद भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावेत, असे आम्हांस वाटते.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ‘वैद्यकीय घटना’ होती, मानेवरचा गुडघा नव्हता. शवचिकित्सक अँड्र्यू बेकर यांच्या अहवालात मात्र हृदय व श्वसन बंद पडण्याशी पोलिसांनी काबूत आणणे, जखडणे आणि मान दाबणे यांचा संबंध जोडलेला आहे. हृदयविकार व अमली द्रव्ये यांची नोंद निराळी आहे. मृत्यूचा प्रकार त्यांनी मनुष्यवध असा लिहिला. वैद्यकात याचा अर्थ अन्य व्यक्तीच्या कृतीने आलेला मृत्यू, एवढाच. त्यामागे ‘सदोष’ हे विशेषण लावावे की नाही, हे न्यायालयाने ठरवायचे. ज्यूरीने २० एप्रिल २०२१ रोजी दोषसिद्धीचा निर्णय दिला.

त्या खटल्यात बचाव पक्षाचे साक्षीदार डॉ. डेव्हिड फाउलर यांनी हृदयविकार, अमली द्रव्ये, इतकेच नव्हे तर मोटारीचा धूरही कारणांत गणला आणि मृत्यूचा प्रकार अनिश्चित ठरविला. कारणांची यादी लांबली की कर्ता दिसेनासा होतो. उलट फुप्फुसतज्ज्ञ डॉ. मार्टिन टोबिन यांनी खालचा रस्ता, वरचा भार आणि पालथी स्थिती यांवरून श्वास कसा कोंडला, हे ज्यूरीस उलगडून दाखविले.

शवचिकित्सकाची सावधगिरी आम्ही दोषास्पद मानीत नाही. श्वास कोंडल्याची खूण शरीरावर उमटेलच असे नाही. परंतु म्हणूनच देहाची स्थिती आणि लोटलेला वेळ हाही वैद्यकीय पुरावाच मानला पाहिजे. पुराव्यातील ही पोकळी ‘उत्तेजित उन्माद’ या निदानाने वर्षानुवर्षे भरून काढली. अमेरिकेतील शवचिकित्सकांच्या राष्ट्रीय संघटनेने ते २०२३ मध्ये अमान्य केले. फाउलर मेरीलँड राज्याचे मुख्य शवचिकित्सक असतानाच्या ८७ मृत्यूंची फेरतपासणी २०२५ मध्ये जाहीर झाली. पूर्वी अपघाती, नैसर्गिक किंवा अनिश्चित ठरलेले ३६ मृत्यू परीक्षकांनी एकमताने मनुष्यवध ठरविले.

त्या छत्तीस घरांत इतकी वर्षे ‘मेला’ एवढेच लिहिलेला कागद होता. कान्याची ती चूक हस्तदोष म्हणून सोडून देण्याजोगी नाही.