‘स्मृतिचित्रे’तील आत्मस्वीकार

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ची समीक्षा बहुधा दोन अंगांनी झाली आहे. एक, तिच्या निर्व्याज शैलीचे व विनोदाचे कौतुक. दुसरे, तिच्यातील धर्मांतराच्या हकीकतीचे सामाजिक मूल्यमापन. विनोद हा वाङ्मयाचा विषय आणि श्रद्धा हा चरित्राचा, अशी जी वाटणी यातून नकळत झाली, ती मात्र ग्रंथाला न्याय देणारी नाही. ‘स्मृतिचित्रे’तील विनोद हेच तेथील ख्रिस्ती श्रद्धेचे रूप आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

तुलनेसाठी बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ घ्यावे. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या लेखकाच्या आत्मचरित्राच्या नावातच त्याची रचना सूचित होते: मागे रात्र, पुढे प्रकाश. अशा कथनात पूर्वीचा ‘मी’ हा टाकून देण्याचा विषय ठरतो. त्याच्याशी निवेदकाचे नाते परीक्षकाचे असते. लक्ष्मीबाईंच्या कथनात ही विभागणी आढळत नाही. पराकोटीचे सोवळे पाळणाऱ्या वडिलांच्या धाकात वाढलेली मनू, नवऱ्याच्या लहरीपणाने गांजलेली सून, आणि पुढे ख्रिस्ती झालेली लक्ष्मी या तिघी त्यांच्या लेखी एकच आहेत. जुन्या समजुतींची त्या थट्टा करतात. पण त्या समजुती बाळगणाऱ्या मुलीला त्या कधी नाकारीत नाहीत.

या वृत्तीचे मूळ त्यांच्या परिवर्तनाच्या क्रमात आहे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे हे दांपत्य विभक्त राहिले. आणि पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती पतीच्या घरात आपले सोवळे निराळे राखले. मग केव्हातरी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला की जातिभेद ईश्वराने केला की माणसाने? तो माणसाने केला, असा निर्णय त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास आपली हरकत नाही, असे ठरविले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे संस्काराने अंतःकरण बदलले नाही. बदललेल्या अंतःकरणाने संस्कार स्वीकारला. पतीच्या मागोमाग गेलेली पत्नी, हे त्यांचे रूढ चित्र म्हणूनच अपुरे आहे.

येशूच्या आज्ञेत शेजाऱ्यावरील प्रीतीचे माप स्वतःवरील प्रीती हेच धरले आहे. माणसाने स्वतःला पात्र ठरविण्यापूर्वीच ईश्वराने त्याला स्वीकारलेले असते, हा कृपेचा अर्थ पॉल टिलिख या जर्मन धर्मचिंतकाने १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवचनसंग्रहात विशद केला. लक्ष्मीबाईंनी असे कोणतेही तत्त्वज्ञान मांडलेले नाही. परंतु ज्याला स्वतःची फजिती लपविण्याचे कारण उरलेले नाही, तोच ती इतक्या मोकळेपणाने सांगू शकतो. तुटपुंज्या शिक्षणाची, वेंधळेपणाची, भांडणांची हकीकत त्या सांगतात तेव्हा तीत पश्चात्तापाचा आविर्भाव नसतो व आत्मसमर्थनाचाही नसतो. टिळकांचा तापटपणा आणि त्यांची हातचे देऊन टाकण्याची सवय यांविषयीही त्यांची दृष्टी तीच आहे. पतीच्या चरित्राची साधने म्हणून ज्या आठवणी लिहावयास घेतल्या, त्या पाहता पाहता त्यांचे स्वतःचे आत्मचरित्र झाल्या, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे.

हा विनोद दुःख टाळण्याची युक्ती आहे, असा आक्षेप घेता येईल. पण ताटातुटीच्या वर्षांचे दुःख त्यांनी कोठेही सौम्य केलेले नाही. हसणे येते ते दुःख सांगून झाल्यावर. त्याच्या जागी नव्हे.

खरी मर्यादा निराळी आहे. लक्ष्मीबाईंनी जे टाकले ते सोवळे. परंतु ज्यांच्या स्पर्शापासून ते सोवळे जपले जात होते, त्यांच्या आत्मस्वीकाराचा प्रश्न या ग्रंथाच्या केंद्रस्थानी नाही. मराठवाड्यातच रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या ज्या माणसांनी मराठी मुलखात ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांना आपल्या जुन्या ‘मी’कडे हसून पाहणे सोपे नव्हते, कारण तो ‘मी’ त्यांनी घडविलेला नव्हता, दुसऱ्यांनी त्यांच्यावर लादलेला होता. त्यांच्या बाबतीत स्वतःला स्वीकारणे म्हणजे प्रथम ती लादलेली प्रतिमा झुगारणे होय. लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या गावाहून पदव्युत्तर अभ्यासासाठी येणारा विद्यार्थी जेव्हा ‘स्मृतिचित्रे’ हाती घेतो, तेव्हा गावाची वेस आणि वेशीबाहेरची वस्ती यांचा अनुभव त्याच्या जमेस असतो. त्या अनुभवातून त्याने हा प्रश्न ग्रंथाला विचारणे अप्रस्तुत ठरणार नाही.

या मर्यादेमुळे ग्रंथाचे मोल कमी होत नाही. त्याचा अधिकार कोठपर्यंत चालतो एवढे मात्र स्पष्ट होते. धर्मांतर म्हणजे आत्मत्याग, या समीकरणाला मराठी गद्यात लक्ष्मीबाईंनी दिलेले उत्तर एका ब्राह्मण स्त्रीचे आहे आणि ते प्रामाणिक आहे. वेशीबाहेरून आलेल्या ख्रिस्ती माणसाचे उत्तर आपल्या आत्मचरित्रांत, पत्रांत व मौखिक आठवणींत शोधणे, हे मराठवाड्यातील अभ्यासकांपुढील काम आहे.