पत्ता बदलला, चाल तीच

वाय-फाय चालू आहे पण फोन कशालाच जोडलेला नाही, तरी तो गप्प बसत नाही. ‘इथे कुठलं नेटवर्क आहे का?’ असं अधूनमधून हवेत विचारत राहतो. याला म्हणतात प्रोब रिक्वेस्ट. ती उघडी असते. आसपासचं कोणीही ऐकू शकतं. पूर्वी तिच्यात फोनचा कायमचा मॅक पत्ता असायचा. २०१३ मध्ये लंडनच्या सिटी भागातल्या काही कचरापेट्या याच पत्त्यांवरून ये-जा करणाऱ्यांचे फोन टिपत होत्या. बोभाटा झाल्यावर ते थांबवावं लागलं.

२०१४ मध्ये आयओएस ८ ने उपाय आणला: शोधताना खोटा, बदलता पत्ता वापरायचा. मग प्रश्न मिटला का? मॅथी व्हॅनहोफ आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा पेपर म्हणतो, नाही. फोन आपल्याला कुठले वेग, कुठल्या सोयी जमतात हेही सांगतो. शिवाय प्रत्येक संदेशाला ० ते ४०९५ मधला चढता क्रमांक असतो. एका पत्त्याचा शेवटचा क्रमांक १२००, आणि लगेच तशाच सोयींचा नवा पत्ता १२०१ वर उगवला, तर फोन तोच असणार हे उघड आहे. या रीतीने त्यांना ५० टक्क्यांपर्यंत उपकरणांचा किमान २० मिनिटं माग काढता आला.

पेपरची ताकद ही की तो पत्त्यावर अवलंबूनच नाही. पण ५० टक्के हा आकडा माग काढणाऱ्याच्या बाजूने मोजलेला आहे. तुम्ही कुठल्या अर्ध्यात आहात, हे त्यातून कळत नाही. गर्दीत सगळ्यांकडे असतो तसाच फोन असेल तर तुम्ही मिसळून जाल. मॉडेल दुर्मीळ असेल तर उठून दिसाल. ॲपलने पुढे पत्त्यासोबत क्रमांकही बदलायला सुरुवात केली, म्हणजे तो धागा तुटला. सोयींच्या यादीचा धागा मात्र त्याने तुटत नाही. आणि २० मिनिटं कमी वाटतात, पण मॉलमध्ये कोण कुठल्या दुकानात रेंगाळलं हे कळायला तेवढी पुरतात.

तुमच्या हातात काय? घरच्या नेटवर्कचं नाव ‘सुरक्षेसाठी’ लपवू नका. लपवलं की राउटर गप्प बसतो आणि तुमचा फोन बाहेरही तेच नाव घेऊन हाका मारू शकतो. अँड्रॉइडवर वाय-फाय बंद केलं तरी लोकेशनसाठी शोध चालू राहू शकतो. लोकेशनच्या सेटिंगमधलं ‘वाय-फाय स्कॅनिंग’ वेगळं बंद करा. बाकीचं काम फोन बनवणाऱ्यांचं आहे, आणि ते त्यांच्याकडे मागायला हवं.