तळघरातील नऊ गीते

अमेरिकेतील पोर्टलँड शहरी, एका घराच्या तळघरात, एलियट स्मिथ या गायकाने ४ ट्रॅकच्या यंत्रावर काही गीते ध्वनिमुद्रित केली. नमुन्यादाखल ती कॅव्हिटी सर्च या छोट्या, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका कंपनीकडे गेली. तीच ९ गीते १९९४ साली ‘रोमन कँडल’ या नावाने प्रकाशित झाली. त्यांतील चारांना शीर्षकही नाही, केवळ क्रमांक!

गिटारच्या तारांवरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज येथे ऐकू येतो. गायन कुजबुजीसारखे असल्याने काही शब्द निसटतात, हा दोष आम्ही नाकारीत नाही. परंतु स्टुडिओतील सफाईने शब्द उजळले असते आणि त्यांतील एकान्त हरपला असता, असे आम्हांस वाटते. नमुना धाडणाऱ्याचे धाडस मोठेच. पण त्यातच पूर्ण कलाकृती ओळखणारा कान त्याहून दुर्मीळ.