एक वर्ष इंग्रजीचे

तुर्कस्तानात शालेय शिक्षण बहुतांशी तुर्की भाषेतून होते. पण अंकारा येथील मिडल ईस्ट टेक्निकल युनिव्हर्सिटी १९५६ साली स्थापन झाली, तेव्हापासून तेथे अध्यापनाचे माध्यम इंग्रजी आहे. मग तुर्कीतून शिकलेल्या मुलांचे काय? त्यांच्यासाठी विद्यापीठाने परकीय भाषांचे स्वतंत्र विद्यालय ठेवले आहे. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची इंग्रजीची परीक्षा होते. तीत जो कमी पडतो, त्याला आधी पूर्वतयारीचे वर्ष करावे लागते. ते वर्ष इंग्रजीचे. भौतिकी, रसायन, गणित त्यानंतर.

या व्यवस्थेतला प्रामाणिकपणा प्रथम मान्य केला पाहिजे. परकी भाषा शिकायला वेळ लागतो आणि तो वेळ देणे हे संस्थेचे काम आहे, हे येथे कबूल केलेले आहे. आपल्याकडे दहावीपर्यंत संपूर्ण मराठीतून विज्ञान शिकलेला विद्यार्थी अकरावीच्या वर्गात बसतो आणि फळ्यावर एकदम इंग्रजी सुरू होते. मधले वर्ष सोडाच, त्याला मधला आठवडाही मिळत नाही.

तरीही आमचा एक आक्षेप आहे. भाषा हे जणू भांडे. ते आधी घडवावे, मग त्यात विज्ञान ओतावे, असे ही रचना गृहीत धरते. परंतु विज्ञानाची भाषा अशी वेगळी काढता येते का? 'मोमेंट' म्हणजे क्षण, हे इंग्रजीच्या वर्गात कळेल. यामिकीतील 'मोमेंट' म्हणजे मात्र बलाचा फिरवण्याचा परिणाम. दार एकदा बिजागरीजवळ आणि एकदा कडेला ढकलून पाहावे, तेव्हा तो शब्द उमगतो. 'सोल्यूशन' म्हणजे एरवी उत्तर, चंचुपात्रात मात्र द्रावण. डोक्यावर ओझे घेऊन सपाट फलाटावर चालणारा हमाल घामाघूम होतो, पण त्या चालीत गुरुत्वबलाने केलेले 'वर्क' शून्य असते. शब्दकोश येथे पुरत नाही. संकल्पनाच समजावी लागते.

जिम कमिन्स या भाषाशिक्षणतज्ज्ञाने १९७९ साली बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतील फरक मांडला. कॅनडातील स्थलांतरित मुलांच्या बाबतीत त्याला असे दिसले, की रोजचे इंग्रजी साधारण २ वर्षांत येते. अभ्यासाच्या इंग्रजीत बरोबरीच्या मुलांना गाठायला ५ ते ७ वर्षे लागतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परिस्थिती वेगळी असते, हे खरे. पण एका वर्षाकडून किती अपेक्षा धरावी, याचा अंदाज यावरून येतो.

येल विद्यापीठात नाव कमावलेले तुर्की रसायनशास्त्रज्ञ ओक्ताय सिनानोग्लू (१९३५–२०१५) यांनी तर इंग्रजी माध्यमालाच कडाडून विरोध केला. आम्ही तेवढ्या टोकाला जात नाही. अंकाऱ्याच्या या विद्यालयाचा दुसरा विभाग पदवीच्या विषयांबरोबर इंग्रजी शिकवतो. आमच्या मते मुख्य भार याच मार्गावर हवा. पूर्वतयारीच्या वर्षातही एखादा विज्ञानविषय प्रयोगांसह असावा.

आपल्या शाळांना यासाठी विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. नववी-दहावीत प्रयोग झाल्यावर विद्यार्थ्याने काय पाहिले ते आधी मराठीत सांगावे, मग तेच चार इंग्रजी वाक्यांत लिहावे. मराठीत नीट सांगता आले नाही, तर अडचण इंग्रजीची नसून विज्ञानाची आहे, हे शिक्षकाला तिथेच कळेल.